मदत हवी आहे : परसातल्या कोंबड्या मोकळ्या सोडाव्यात की नाहीत?

हिरवी_फांदी
आमच्या कोंबड्या आता मोठ्या झाल्या असून खुराड्याला लागून असलेल्या जाळीच्या आवारात त्या दिवसभर जाळीशी येरझारा घालत असतात. त्यांना परसात मोकळे सोडावे असे मला मनापासून वाटते, परंतु घरातील इतरांचा त्याला ठाम विरोध आहे. या विषयावर मी बरेच वाचन केले आहे. प्रत्येक ठिकाणी "ते परिस्थितीवर अवलंबून आहे" असेच उत्तर मिळते आणि त्याने माझा प्रश्न सुटत नाही. निर्णय याच आठवड्यात घ्यावा लागेल, कारण आवार वाढवायचे ठरले तर जाळी आत्ताच आणावी लागणार आहे. कृपया अनुभवी सभासदांनी सोडाव्यात की सोडू नयेत, एवढेच स्पष्ट सांगावे.

पहाटपक्षी
आपली घाई समजते, तरीही काही गोष्टी कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे तुमच्या कोंबड्यांचा जीव पणाला लावणे होईल. कोंबड्या किती आहेत? त्यांचे वय काय? सोबत कोंबडा आहे का? परस केवढे आहे, त्याला कुंपण कशाचे आहे आणि आत झुडपे आहेत की नुसती मोकळी जमीन आहे? दिवसा घरी कोणी असते का? सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे तुमच्या भागात मुंगूस, भटकी कुत्री, मांजरे किंवा शिकारी पक्षी दिसतात का?

मोकळे_रान
माझे उत्तर सरळ आहे : सोडा. कोंबडी मूळची रानकोंबडीच्या वंशातली आहे आणि रानकोंबडी जंगलाच्या कडेला, झुडपांच्या आडोशाने पालापाचोळा उकरत दिवस काढते. उकरणे, किडे वेचणे, कोरड्या मातीत अंग घुसळून धुळीने पिसांतल्या उवा झाडणे या तिच्या गरजा आहेत, चैन नव्हे. त्या भागल्या नाहीत की कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागतात, आणि एकदा रक्त दिसले की टोचाटोची थांबवणे फार कठीण जाते. मी अनेक वर्षे कोंबड्या मोकळ्या सोडत आलो आहे. त्यांची तब्येत आणि पिसांची तकाकी मी बंदिस्त कोंबड्यांत कधी पाहिली नाही. शिवाय ज्या दिवसांत किडे व कोवळे गवत भरपूर असते, त्या दिवसांत खाद्यही कमी लागते.

दांडी_आणि_तूस
मोकळे_रान यांनी वर्णन केलेले चित्र मोहक आहे, परंतु त्यांनी गमावलेल्या कोंबड्यांचा उल्लेख टाळला आहे. अनेकांची समजूत असते की कोंबडीला धोका फक्त रात्री असतो. रात्रीच्या शिकाऱ्यांपासून बंद खुराडे वाचवते, पण मुंगूस भर दिवसा शिकार करते, शिकारी पक्षी उजेडातच झडप घालतात आणि भटके कुत्रे तर वेळ पाहत नाही. कुत्रा पळणाऱ्या पक्ष्याच्या मागे लागतो आणि एक मारून थांबत नाही. आमच्या शेजारच्या घरी एका दुपारी कुत्रा शिरला आणि घरचे बाहेर येईपर्यंत निम्म्या कोंबड्या गेल्या होत्या. म्हणून माझे मत : सोडू नयेत. आवार मोठे करावे, वरूनही जाळी घालावी आणि निश्चिंत राहावे.

मोकळे_रान
कोंबड्या गमावल्या हे मी नाकारत नाही. परंतु निश्चिंतपणा कोणाचा, हा प्रश्न विचारायला हवा. पाळणारा निश्चिंत आणि कोंबडी आयुष्यभर त्याच उकरलेल्या मातीत, हा सौदा मला मान्य नाही. युरोपीय संघाच्या नियमांत मुक्तसंचार पद्धतीची अंडी म्हणून विकायची असतील, तर प्रत्येक कोंबडीमागे किमान ४ चौरस मीटर बाहेरची जागा असावी लागते. परसातल्या जाळीबंद आवारात एवढी जागा किती जणांकडे असते?

दांडी_आणि_तूस
तो नियम अंड्यांच्या विक्रीसाठी केलेला आहे. त्याने जागा मोजता येते, मुंगूस अडवता येत नाही.

सोनेरी_बलक
मोकळ्या कोंबडीच्या अंड्याचा बलक गडद का असतो, याविषयी अनेक गैरसमज आहेत, म्हणून लिहितो. हा रंग हिरव्या पाल्यातून आणि पिवळ्या मक्यातून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतो. बंदिस्त कोंबडीला पालेभाज्या किंवा झेंडूच्या पाकळ्या खाऊ घातल्या तरी बलक गडद होतो. केवळ रंगावरून कोंबडी मोकळी होती की नाही हे ओळखता येत नाही. कवचाचा रंग तर जातीवर ठरतो, त्याचा आहाराशी संबंध नाही.

हिरवी_फांदी
बलकाच्या रंगाबद्दल मी विचारले नव्हते. माहितीबद्दल आभार, परंतु माझा प्रश्न अजून तिथेच आहे.

पहाटपक्षी यांनी विचारलेले तपशील देते. आठ तलंगा (तरुण कोंबड्या) आहेत आणि त्यांनी नुकतीच अंडी द्यायला सुरुवात केली आहे. कोंबडा नाही. परस अंदाजे दहा मीटर लांब व आठ मीटर रुंद असून तीन बाजूंना उंच भिंत आहे. सध्याचे आवार तीन मीटर लांब व दोन मीटर रुंद आहे. आता तरी कोणी नेमके सांगेल का?

पहाटपक्षी
चौथ्या बाजूला काय आहे? आणि दिवसा घरी कोण असते, हे अजून कळले नाही.

औषधपेटी
इतर सभासद शिकाऱ्यांवर बोलत आहेत, म्हणून मी रोगांकडे लक्ष वेधतो, कारण दोन्ही पर्यायांत रोगांचा धोका वेगवेगळ्या वाटेने येतो.

मोकळ्या कोंबड्या रानपाखरांच्या विष्ठेच्या संपर्कात येतात. बर्ड फ्लूचे विषाणू प्रामुख्याने बदकांसारख्या पाणपक्ष्यांमार्फत पसरतात. जवळपास तळे किंवा पाणथळ जागा असेल, तर खाद्य व पाणी छपराखालीच ठेवावे आणि साथीच्या काळात कोंबड्या आतच ठेवाव्यात. मानमोडी (राणीखेत) आणि कोंबड्यांच्या देवी या रोगांच्या लसी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर द्याव्यात, कोंबड्या बंद असोत वा मोकळ्या.

मात्र बंदिस्त आवार आपोआप स्वच्छ असते, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. आठ कोंबड्या सहा चौरस मीटरमध्ये, म्हणजे एकीच्या वाट्याला पाऊण चौरस मीटर जागा येते. तिथे तीच माती रोज उकरली जाते आणि तीच विष्ठेने भरते. रक्ती हगवणीचे सूक्ष्म परजीवी उबदार, ओल्या जमिनीत एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात आणि जंतांची अंडी मातीत दीर्घकाळ टिकतात. अशा ठिकाणी कोरडे तूस किंवा लाकडाचा भुसा जाड थराने घालून तो वेळोवेळी बदलला नाही, तर मोकळ्या जमिनीपेक्षा बंदिस्त जागाच अधिक रोगट होते.

आणखी एक गोष्ट. परसात उंदरांचे विष, कीटकनाशके किंवा घराच्या जुन्या रंगाचे पापुद्रे पडलेले असतील, तर कोंबडी ते टिपते. जुन्या रंगातले शिसे मातीत उतरून कोंबडीच्या पोटात आणि तिथून अंड्यात येऊ शकते. सोडण्यापूर्वी भिंतीलगतची माती एकदा डोळ्यांखालून घाला. शंका असल्यास मातीची तपासणी करून घ्या.

फिरते_खुराडे
या सगळ्या वादावर साधा तोडगा आहे आणि त्याचे नाव कोणी का घेत नाही, हे मला कळत नाही. चाके लावलेला, तळ नसलेला जाळीचा पिंजरा करावा आणि तो रोज एका जागेवरून दुसरीकडे सरकवावा. कोंबड्यांना रोज ताजे गवत आणि किडे मिळतात, विष्ठा एका जागी साठत नाही आणि दिवसा शिकाऱ्यालाही अटकाव होतो.

दांडी_आणि_तूस
आठ कोंबड्यांना पुरेल एवढा पिंजरा एकट्या माणसाला सरकवता येईल इतका हलका असेल, तर कुत्रा तो उलटवू शकतो. जमीन उंचसखल असेल तर खालच्या फटीतून मुंगूस शिरते. तीन-चार कोंबड्यांसाठी तुमचा उपाय चांगला आहे, हे मात्र मान्य.

फिरते_खुराडे
जमीन सपाट असेल आणि कडेला जाळीची पट्टी पसरली असेल, तर फट उरत नाही. आठ कोंबड्यांसाठी दोन लहान पिंजरे करता येतात. आपण न वापरताच ही पद्धत मोडीत काढत आहात.

हिरवी_फांदी
चौथ्या बाजूला कमरेएवढे तारेचे कुंपण आहे आणि पलीकडे शेजाऱ्यांचे अंगण आहे. त्यांच्याकडे कुत्रा आहे, पण तो शांत स्वभावाचा आहे, म्हणून मी त्याचा उल्लेख केला नव्हता. सकाळी घरी कोणी नसते, चार वाजल्यानंतर मी असते. मुंगूस अधूनमधून भिंतीवरून जाताना दिसते. परसात एका बाजूला जास्वंदीची व कढीपत्त्याची दाट झाडे आहेत, बाकी गवत आणि भाज्यांचे वाफे आहेत.

पहाटपक्षी
आता उत्तर देता येईल, आणि ते तुमच्या घरच्यांनाही पटेल अशी आशा आहे.

दिवसभर, घरी कोणी नसताना मोकळ्या सोडू नयेत. मुंगूस दिसते, कुंपण कमरेएवढे आहे आणि पलीकडे कुत्रा आहे. एवढ्यावरूनच हा भाग स्पष्ट होतो. शेजाऱ्यांचा कुत्रा माणसांशी शांत असेल, परंतु पंख फडफडवत पळणारी कोंबडी पाहून तो कसा वागेल हे त्याचे मालकही खात्रीने सांगू शकणार नाहीत. शिवाय हलक्या अंगाची तलंग कमरेएवढे कुंपण सहज उडून पार करते आणि स्वतःहून त्याच्या अंगणात उतरते. एका पंखाची लांब पिसे कापली की तिचा तोल जातो आणि उंच उडता येत नाही. नव्याने फुटणारी, रक्ताने भरलेली पिसे मात्र कापू नयेत. पीसगळतीनंतर नवी पिसे येतात, तेव्हा हे पुन्हा करावे लागते.

चारनंतर तुम्ही घरी असता, त्या वेळी मात्र जरूर सोडा. कोंबडीची नजर अंधारात फार कमी चालते, त्यामुळे दिवस मावळू लागला की ती स्वतःहून खुराड्यातल्या दांडीकडे परतते. सुरुवातीला सूर्यास्ताच्या तासभर आधी सोडावे, म्हणजे त्या फार लांब जाण्याआधीच परतीची वेळ होते. आत घेताना रोज एकच हाक मारून मूठभर दाणे टाकावेत, पुढे तीच हाक संकटाच्या वेळी उपयोगी पडते. संध्याकाळी सोडण्याचा आणखी एक लाभ असा की कोंबड्या बहुतेक अंडी सकाळपासून दुपारपर्यंत घालतात. तोवर त्या आतच असल्याने अंडी खोक्यात मिळतात, झुडपाखाली शोधावी लागत नाहीत.

जास्वंदीची झाडे तोडू नका. कोंबडीला उघड्या मैदानापेक्षा आडोसा अधिक सुरक्षित वाटतो आणि वरून सावली सरकली की ती तिथेच धाव घेते. त्यांचे आवाजही ऐकायला शिका. आकाशातल्या शिकाऱ्यासाठीचा इशारा लांब आणि किंचाळल्यासारखा असतो, जमिनीवरच्या शिकाऱ्यासाठी त्या सलग "कक् कक्" करत राहतात. कोंबडा असता तर पहारा अधिक चांगला झाला असता, परंतु केवळ त्यासाठी कोंबडा आणावा असे मी सुचवणार नाही.

जाळी मात्र आणाच, कारण दिवसाचा मोठा भाग त्या आवारातच जाणार आहे. जाळीशी येरझारा घालणे हे मला दाटीचे आणि रिकामपणाचे लक्षण वाटते. घरच्या परसात कोंबडीमागे निदान एक चौरस मीटर जागा धरतात. तुम्ही आवार दुप्पट केलेत तर दीड चौरस मीटर मिळेल. आत धुळीसाठी कोरड्या मातीचा खड्डा, उकरायला पालापाचोळा आणि बसायला दोन उंचीच्या दांड्या ठेवा. निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

मोकळे_रान
दीड चौरस मीटर मला अजूनही कमीच वाटते, परंतु मुंगसाचा वावर आणि सकाळचे रिकामे घर लक्षात घेता मीही संध्याकाळचाच सल्ला देईन. जमल्यास सुट्टीच्या दिवशी, घरी माणसे असताना, त्यांना अधिक वेळ द्या.

दांडी_आणि_तूस
जाळीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, परंतु कुत्रा ती फाडू शकतो. मुंगसासाठी साधारण १२ मिलिमीटर छिद्रांची, सांधे जोडलेली चौकोनी जाळी घ्या. तिची किमान ३० सेंटिमीटर रुंद पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरून वर माती टाका, कारण उकरणारा प्राणी जाळीच्या अगदी पायथ्याशीच उकरतो. खुराड्याच्या दाराला नुसती सरकती कडी पुरत नाही, ती चुकून सरकणार नाही असा अडसर हवा.

औषधपेटी
बाहेर गवत-किडे खाल्ले तरी लेअर खाद्य, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीचे तयार खाद्य, बंद करू नये. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. कवचासाठी कॅल्शियमची गरज मोठी असते, म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. पोटात अन्न दळले जावे यासाठी बारीक खडेही हवेत. लांब, वाळलेले गवत गळ्याखालच्या अन्नपिशवीत अडकून बसते, तेव्हा सोडण्यापूर्वी गवत आखूड कापून घ्या. कण्हेर किंवा एरंड परसात असेल, तर तेवढा भाग अडवून घ्या.

हिरवी_फांदी
आता मला घरी बोलता येईल. आवार दुप्पट करते, दांडी_आणि_तूस यांनी सांगितलेलीच जाळी आणते आणि चारनंतर मी बाहेर बसलेली असतानाच त्यांना सोडते. कण्हेर नाही, हे आत्ताच पाहून आले. शेवटचे एक विचारते : भाज्यांच्या वाफ्यांचे काय करावे? रोपे नुकतीच लावली आहेत.

पहाटपक्षी
कोवळी रोपे त्या नक्की उकरतील. वाफ्यांभोवती गुडघ्याच्या वर येईल अशी जाळी उभी करा आणि वरूनही हलकी जाळी टाका, कारण पिसे कापलेली तलंगही एवढी उंची उडी मारून गाठते. मोठ्या झाडांच्या मुळांभोवती तळहाताएवढे दगड मांडले की माती उकरली जात नाही. पीक काढून झाले की रिकामा वाफा मात्र त्यांना खुशाल द्या. अळ्या आणि तणाचे बी त्या वेचून खातील. फक्त पुढे कच्च्या खायच्या भाज्या त्या वाफ्यात घ्यायच्या असतील, तर ताजी विष्ठा कुजण्यासाठी काही महिने जाऊ द्यावेत.