अनुभव धागा: गुहागर ते मालगुंड, सायकल आणि तंबू

गुहागरहून पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. तिथून फेरीबोटीने शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड आणि संध्याकाळी मालगुंडला तंबू. साधारण ६० किलोमीटर, एक दिवस. सामान लादून ज्यांनी हा पट्टा केलाय त्यांनी नेमकं लिहा: गिअर कुठले, काय मोडतं, पाणी, मुक्काम. "मजा आली" एवढ्याने पुढच्या माणसाचं काम होत नाही.

सुरुवात माझ्यापासून. हा दिवस किलोमीटरवर आखू नका, भरतीवर आखा. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पुनवेला सव्वाअकरा. सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा आहे, रत्नागिरीकडे पाणी अर्धा-पाऊण तास आधी चढतं. हेदवीच्या उमामहेश्वराच्या देवळामागची बामणघळ पाहायची तर पूर्ण भरतीलाच. तेव्हाच काळ्या कातळाच्या चिरेत लाट घुसते आणि उंच उसळते. ओहोटीला तिथे नुसती फट दिसते. त्यामुळे पुनव-अवसेच्या आसपासचा दिवस धरला तर सहाला निघून दुपारच्या आत हेदवी गाठायची, हे आपोआप ठरतं. कातळावर पुढे जाऊ नका. ओल्या शेवाळावर बुटाची क्लीट (पेडलमध्ये अडकणारी तळव्याची पट्टी) धरत नाही.

* * *

या रस्त्यावर नाव घेण्यासारखा घाट नाही, आणि लोक नेमके तिथेच फसतात. गाव समुद्रसपाटीला, रस्ता सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावर. म्हणजे प्रत्येक गावातून वर चढायचं आणि पुढच्या गावात सगळी उंची घालवायची, दिवसभर. एकेक चढ छोटा पण उभा. १२–१५ किलो सामान असेल तर पुढची लहान चकती आणि मागची मोठी यांचे दाते निदान सारखे हवेत. पुढे ३० ला मागे ३४ असेल तर उत्तम. रोड सायकलचं ३४ ला २८ इथे गुडघे मागतं.

टायर ३५ ते ४० मिमी. डांबरावर ५०–५५ पीएसआय हवा पुरते. उताराच्या वळणावर जांभ्याची लाल खडी वाहून आलेली असते. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही.

मतलई वारे सकाळी जमिनीकडून येतात, त्यांचा त्रास नाही. दुपारनंतरचे खारे वारे या किनाऱ्यावर बहुधा वायव्येकडून येतात. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडेच जावं, जयगडनंतर तेच वारं पाठीशी लागतं.

* * *

सगळ्यात जास्त दगा देणारा भाग कुठला? मागच्या कॅरिअरचा खालचा स्क्रू. एम-५ मापाचा, मागच्या आखाशेजारी. खडबडीत उतारांवर तो थरथरून एकेक आटा सुटत जातो. आधी बारीक टक-टक ऐकू येते आणि आपल्याला वाटतं पॅनिअरचा (कॅरिअरला बाजूने अडकवलेल्या पिशवीचा) हुक वाजतोय. मग स्क्रू पडतो, कॅरिअर एका बाजूला कलतो आणि पॅनिअर स्पोकमध्ये जाते. घरीच आट्यांना निळं लॉकटाइट (आटे सुटू न देणारा डिंक) लावा. दर थांब्यावर ४ मिमीची ॲलन की घालून पाव फेरा दाबून बघा. जोरात पिळायचं नाही, ॲल्युमिनियमचे आटे जातात. पडलाच तर बाटलीच्या स्टँडचा एक स्क्रू काढून लावा, बहुतेक सायकलींना तोही एम-५ च असतो. लांबी मात्र आधी जुळवून बघा. जास्त लांब स्क्रू फ्रेमच्या आत निघून मागच्या सगळ्यात लहान चकतीला घासतो.

* * *

फेरीबद्दल. ओहोटीला तवसाळच्या धक्क्यावरच्या उताराचा खालचा भाग उघडा पडतो, त्यावर चिखल आणि शेवाळ असतं. सायकल हातात धरून, गाड्या चढून झाल्यावर न्या. बोटीत स्टँडवर उभी ठेवू नका. कठड्याला टेकवा आणि ब्रेकची मूठ रबराने आवळून ठेवा. फेऱ्यांच्या वेळा सकाळी गुहागरातच विचारून घ्या; ही बोट चुकली तर रस्त्याने वळसा फार मोठा पडतो. जयगडला उतरल्यावर बंदराकडच्या ट्रकांची वर्दळ असते, मागचा लाल दिवा दिवसाही चालू हवा.

* * *

जेवायचं असेल तर खानावळीत सकाळी फोन करून ताटं सांगा. आयत्या वेळी दुपारी दोनला कोणी चूल पेटवत नाही. पाणी ४ लिटर घेऊन निघा, किनाऱ्यालगतच्या काही विहिरी मचूळ असतात. कोकमाचं आगळ छोट्या बाटलीत ठेवा आणि पाण्यात घालून प्या, त्यात मीठ असतंच.

* * *

तंबू. वर ज्या भरतीने बामणघळ दाखवली, तीच रात्री परत येते आणि उधाणाला बरीच वर चढते. वाळूवर सुक्या कचऱ्याची रेघ दिसते ना, ती मागच्या भरतीची. उधाण अजून चढतं असेल तर आजची रेघ तिच्याही वर जाते. म्हणून तंबू सुरूच्या बनात, जमीनमालकाला किंवा ग्रामपंचायतीला विचारून. नारळाखाली कधीच नाही. झावळी पडली तरी तंबूचा खांब मोडतो.

वाळूत साधे खुंटे उपटून येतात. छोट्या पिशवीत वाळू भरा, तोंडाला दोरी बांधा, हातभर खोल पुरा आणि वरून पाय देऊन दाबा. वाऱ्याकडच्या दोन कोपऱ्यांना हे केलंच पाहिजे. सुरूच्या काटक्यांचा गालिचा मऊ असतो, पण ठिणगीने भसकन पेटतो. स्टोव्ह उघड्या वाळूवर लावा.

नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. उघड्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) रात्री टॉर्च आणि शेकोटी नको, उजेड दिसला की मादी माघारी फिरते.

* * *

पुळणीवरून सायकल हाकायचा मोह आवरा. मीठ आणि वाळू एकत्र आली की साखळीला कानशीच लागते. गेलीच असेल तर झोपायच्या आधी दोन लिटर गोडं पाणी हळूहळू ओता (आखात जोराची धार मारू नका), फडक्याने पुसा, अर्धा तास सुकू द्या आणि प्रत्येक कडीला एकेक थेंब तेल. वरचं तेल पुसून टाका, नाहीतर सकाळची वाळू त्यालाच चिकटते. डिसेंबर-जानेवारीत दव इतकं पडतं की न पुसलेली साखळी सकाळी तांबूस झालेली असते.