बाबांची बीटल विकून दोन वर्षं झाली, मन अजून तिथेच आहे. परत मागू का?

रिकामं गॅरेज

नमस्कार, गाडीबद्दल विचारतेय पण प्रश्न नुसता गाडीचा नाहीये त्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या.

बाबांकडे १९७१ची फोक्सवॅगन बीटल होती, फिकट निळी, १३०० सीसी. माझ्या जन्माच्या आधीपासून घरात. बाबा गेले आणि त्यानंतर चार महिन्यांत मी ती विकली. कारणं होती. गाडी वर्षभर झाकून उभी होती, मागचे ब्रेक जाम, बॅटरी गेलेली, आणि आईला स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज ते कव्हर दिसायचं म्हणून ती दिवसासुद्धा पडदा ओढून ठेवायला लागली. उभी राहून सडण्यापेक्षा कुणीतरी चालवू दे असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. एक तरुण मुलगा आला, गाडीखाली आडवा होऊन टॉर्चने सगळं बघितलं, घासाघीस केली नाही, आणि आठवड्याभरात ट्रक घेऊन आला. मी तेव्हा ऑफिसच्या कॉलवर होते. किल्ली त्याच्या हातात दिली आणि आत आले. गाडी वळणावरून जाताना बघितलीसुद्धा नाही.

आता काय होतं सांगते. बीटलमध्ये सगळ्या काचा बंद असल्या की आत हवा अडते आणि दार नीट लागत नाही. त्यामुळे बसलं की बाबा नुसतं "काच" म्हणायचे, मी माझ्या बाजूची काच बोटभर खाली करायची, मग ते त्यांचं दार ओढायचे आणि ते खपकन लागायचं. इतक्या वर्षांची सवय. अजूनही कुठल्याही गाडीत बसले की माझा हात आधी काचेच्या हँडलकडे जातो आणि तिथे बटण असतं.

मागच्या महिन्यात कपाट आवरताना एक पत्र्याची डबी सापडली. त्यात फॅन बेल्टच्या पुलीत घालायच्या पातळ चकत्या, आणि बाबांचं फीलर गेज, म्हणजे इंजिनातली बारीक फट मोजायची पातळ पाती. बाकी सगळी पाती काळवंडलेली, ०.१५ मिलिमीटरचं तेवढं घासून घासून चकचकीत. त्या दिवसापासून झोप नाही.

त्या मुलाचा नंबर आहे माझ्याकडे. परत मागू का? घेतली त्यापेक्षा जास्त द्यायची तयारी आहे. कुणी स्वतःची विकलेली गाडी परत घेतलीये का, आणि घेतल्यावर हे आतलं थांबलं का?

पाना पक्कड

मी घेतलीये परत, माझीच जुनी गाडी, नऊ वर्षांनी. खरं ते सांगतो.

पहिल्या दिवशी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. आठवड्याभरात लक्षात आलं की मधल्या मालकाने रंग बदललाय, सीट नव्याने शिवल्यात, आणि मुख्य म्हणजे वास गेलाय. जुन्या सीट, उन्हाने तापलेलं रेक्झिन, थोडं पेट्रोल, असा जो एक वास असतो तो कुठल्या दुकानात मिळत नाही. गाडी आजही माझ्याकडे आहे, जिवापाड जपतो, पण ती मी विकलेली गाडी नाही, त्याच नंबरची दुसरी गाडी आहे. हे मान्य करून घेणार असाल तर घ्या.

आणि बघायला गेलात तर हळवं व्हायच्या आधी खाली वाका. मागची सीट उचलून मधल्या बोगद्यावर, म्हणजे तळाच्या मधोमध जो उंचवटा असतो त्यावर, ठोकलेला चासी नंबर जुन्या कागदांशी ताडून घ्या. तिथेच उजवीकडे बॅटरी असते, तिच्याखालचा पत्रा हाताने दाबून बघा, अॅसिडने आणि ओलीने तो पहिला जातो. मग दाराखालच्या दोन्ही पट्ट्या. त्यांच्यातून इंजिनाची गरम हवा पुढे येते म्हणून लोक त्याला नुसता हीटरचा पाइप समजतात, पण बॉडीची अर्धी ताकद तिथे असते. तिथे पोखरलं असेल तर वरून कितीही चकाकू दे, खर्च मोठा आहे. इंजिनाचं एवढं टेन्शन नाही, माहितगार माणसं ते थोड्या वेळात खाली उतरवतात.

मनमोकळी

तुमचं वाचून घशात आलं.

एक गोष्ट सांगते, उपयोग होईल असं वाटतं म्हणून. वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्या मनात वाढते, याला अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८०मध्ये 'एंडाउमेंट इफेक्ट' असं नाव दिलं होतं. नंतर १९९०मध्ये त्यांनी, कानमन आणि नेच यांनी कॉफीच्या मगांवरचे प्रयोग छापले. ज्यांच्या हातात मग होता ते तो सोडायला जेवढे मागत होते त्याच्या निम्म्यालाच इतर लोक घ्यायला तयार होते, आणि तो मग हातात येऊन जेमतेम काही मिनिटं झालेली. तुमची तर अख्खी हयात होती त्या गाडीत. पण आता ती दोन वर्षं त्या मुलाच्या दारात आहे, त्याने ती जाम अवस्थेतून उठवली असणार, म्हणजे ते वजन आता त्याच्या पारड्यात आहे. जास्त पैसे देते म्हणून फोन केलात तर त्याला तो सौदा वाटेल आणि तुम्हाला नकार.

आणि वडील गेल्यावर चार महिन्यांत घेतलेला निर्णय आहे हा. त्या दिवसांत माणूस घरातली जागा मोकळी करत सुटतो, मीही केलंय. स्वतःला त्याची शिक्षा देऊ नका.

सरळ रस्ता

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. तुम्ही विकलीत ते बरोबर केलंत.

उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून तर ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात, आणि तो ओलावा सिलिंडरला आतून गंज चढवतो. तुमचे ब्रेक जाम झाले त्यात याचाही हात असणार. पेट्रोल उडून जातं आणि कार्बोरेटरच्या बारीक भोकांत चिकट थर राहतो. टायर एका जागी चपटे होतात, दाराची रबरं कडक होतात. आणखी दोन वर्षं कव्हरखाली राहिली असती तर आज विचारायलाही काही उरलं नसतं.

आता स्वतःला विचारा, परत आणून तुम्ही ती चालवणार आहात का? दर आठवड्याला? टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट, कोण सेट करणार, ऑइल कोण बदलणार? का परत कव्हर आणि परत आईचा पडदा?

रिकामं गॅरेज

सरळ रस्ता, राग नाही आला, पण हा प्रश्न दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतेय.

खरं उत्तर हे आहे की मी ती गाडी फारशी चालवलीच नाही. लायसन्स मिळाल्यावर चारपाच वेळा. माझं काम टॉर्च धरायचं. एकदा रात्रीच्या प्रवासात डॅशवरचा लाल दिवा लागला, मी तेव्हा नऊदहा वर्षांची असेन, बाबांनी त्याच क्षणी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. बीटलला रेडिएटर नाही, पाणी नाही, इंजिन हवेवर थंड होतं आणि तो पंखा फिरतो डायनॅमोच्या शाफ्टवर, म्हणजे बेल्ट तुटला की चार्जिंगही गेलं आणि थंड हवाही गेली, तसंच पुढे दामटलं तर इंजिन भाजून निघतं. हे सगळं त्यांनी मला तिथेच, रस्त्याच्या कडेला, नवा बेल्ट चढवता चढवता सांगितलं. बेल्ट सैल असेल तर पुलीच्या दोन तबकड्यांमधली एक चकती काढायची आणि बाहेरच्या बाजूला नटाखाली ठेवायची, म्हणजे ती हरवत नाही. मग अंगठ्याने दाबायला लावलं मला. दीड सेंटिमीटर दबला पाहिजे, जास्त नाही कमी नाही. माझ्या अंगठ्याने दबेना, तर त्यांनी माझ्या अंगठ्यावर स्वतःचा ठेवला.

टॅपेटला तर मी लागायचेच. दर पाच हजार किलोमीटरला, सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, कारण इंजिन पूर्ण गार पाहिजे. ते मागे खाली बसणार, मी पान्याने पुली हळूहळू फिरवणार, खूण जागेवर आली की "बस". पातं आत जाताना किंचित अडकलं पाहिजे, लोण्यातून सुरी जाते तसं नाही, असं म्हणायचे.

गाडीचं सगळं त्यांना तोंडपाठ. १७ फेब्रुवारी १९७२ला बीटलने फोर्ड मॉडेल टीचा दीड कोटीचा विक्रम मोडला, तर "आपली त्या आधीची आहे, म्हणजे विक्रमात आपलाही वाटा" हे पाहुण्यांना दर वेळी. ३० जुलै २००३ला मेक्सिकोत पुएब्लाला शेवटची जुनी बीटल बाहेर पडली त्या दिवशी त्यांनी आमची गाडी धुतली, पुसली, आणि संध्याकाळी आईला पुढे बसवून लांब फिरवून आणली. एकूण दोन कोटी पंधरा लाखांवर झाल्या म्हणाले, पण आता या ज्या आहेत त्याच.

तेव्हा नाही, दर आठवड्याला मी नसते चालवली. हे लिहितानाच कळलं मला.

दहा इंची चाक

मी जुनी मिनी विकली होती, बाळ झालं म्हणून. तीन मीटर आणि वर पाच सेंटिमीटर लांबीची गाडी, त्यात बाळाचं सामान बसेना. तसं बघितलं तर मिनीचे डिझायनर इसिगोनिस साहेबांनी १९५९मध्ये त्याच लांबीत चार माणसं बसवून दाखवली होती, इंजिन आडवं टाकून आणि गिअरबॉक्स त्याच्या खाली ऑइलमध्येच ठेवून, आम्हीच घाई केली. पाच वर्षांनी हिंमत करून फोन लावला तर कळलं की तिसऱ्या मालकाने भंगारात दिली. दाबून ठोकळा केला.

तुमची निदान आहे. बाकी काही सांगत नाही. फोन करा.

दुसरा मालक

मी पलीकडच्या बाजूचा आहे, म्हणजे अशीच एका आजोबांची गाडी त्यांच्या मुलाकडून घेतलेला. म्हणून लिहितोय.

पहिलं वर्ष मी फार चाचपडलो. दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात जाताना जो आवाज येतो तो नेहमीचा की काहीतरी बिघडलंय? चोक किती ओढायचा, थंडीत किती, उन्हाळ्यात किती? वायपरचं पाणी का येत नाही? (तुमच्या गाडीत ते पाणी स्टेपनीच्या हवेवर उडतं, हे कुणी सांगितल्याशिवाय कळणं कठीण. हवा ठराविक आकड्याखाली गेली की पाणी बंद, म्हणजे स्टेपनीत नेहमी जास्तीची हवा भरून ठेवायची.) पुस्तकात सगळं असतं पण या एका गाडीच्या खोडी पुस्तकात नसतात, त्या माणसाजवळ असतात, आणि तो माणूस गेलेला.

शेवटी आजोबांच्या त्या मुलानेच वर्षभराने मला फोन केला, चाचरत. म्हणाला, "सहज केला, गाडी कशी आहे?" मी दोन तास बोलत होतो. त्याला वाटत होतं मी वैतागेन. मला तर कुणी देव भेटल्यासारखं झालं.

तुम्ही परत मागायला फोन करू नका. डबी द्यायला करा. त्या चकत्या आणि ते गेज ज्या गाडीचं आहे तिथे जाऊ दे. पुढचं त्या मुलाला बघून ठरवा, आणि त्याला जेव्हा केव्हा विकावीशी वाटेल तेव्हा आधी तुम्हाला विचारायचं एवढा शब्द घ्या.

पाना पक्कड

दुसरा मालक यांना पूर्ण अनुमोदन. माझं गंजाचं पुराण बाजूला ठेवा, आधी हे करा.

रिकामं गॅरेज

केला फोन. काल रात्री, तीनदा नंबर लावून कापला आणि चौथ्यांदा वाजू दिला.

त्याने नाव सांगायच्या आधीच ओळखलं. नंबर "निळी" म्हणून सेव्ह केलाय म्हणे. गाडी चालू आहे! ब्रेक सगळे नवे केलेत, रंगाला हात लावलेला नाही. सीट त्याच. मी परत मागितली नाही. तोंडापर्यंत आलं होतं, पण त्याने मध्येच विचारलं "ताई, एक विचारू? दार लागत नाही कधीकधी, बिजागरी उतरलीये का?" आणि मला बोलताच येईना. मग सांगितलं त्याला काचेचं. फोन तसाच धरून खाली गेला, आणि मला इकडे ऐकू आलं, खपकन.

विकणार नाही म्हणाला, पण कधी विचार आलाच तर पहिला फोन मला. बेल्टच्या चकत्या त्याच्याकडे पुलीवर आहेत तेवढ्याच, जास्तीच्या नाहीत. आणि टॅपेट त्याने अजून स्वतः कधी केलेले नाहीत, भीती वाटते म्हणतो, इंजिन टकटक करायला लागलंय तरी पुढे ढकलतोय.

रविवारी जातेय. आईला विचारलं येतेस का तर काही बोलली नाही, पण बाबांचा जुना टॉर्च शोधून त्यात सेल घालून ठेवलेत तिने. गाडी शनिवारी संध्याकाळनंतर अजिबात सुरू करायची नाही असं त्याला बजावलंय. इंजिन गार पाहिजे, म्हणून सकाळी सातला पोचायचंय.