टर्कीच्या छातीचे मांस रोजच्या जेवणात : आपले अनुभव

माजघर

काल धाकट्या बहिणीचा फोन आला. टर्कीच्या छातीचा बिनहाडांचा तुकडा घरी आणून ठेवला आहे, चौघांच्या जेवणासाठी त्याचे काय करू, असे ती विचारत होती. तिच्याशी बोलता बोलता मला माझ्या सासूबाई आठवल्या. अख्खा पक्षी भाजण्याचा घाट त्यांनी कधी घातला नाही. त्या फक्त छातीचा भाग आणायच्या, आदल्या रात्री त्याला सगळीकडून मीठ चोळायच्या आणि ताट न झाकता फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवून द्यायच्या. सकाळी कातडी कोरडी, ताणलेली दिसायची आणि भाजल्यावर ती अशी कुरकुरीत व्हायची की मुले आधी तिच्यावरच तुटून पडायची.

त्या मिठामागचे कारण मला पुष्कळ पुढे समजले. मीठ सुरुवातीला मांसातले पाणी बाहेर ओढते, त्या पाण्यात विरघळते आणि मग ते खारे पाणी हळूहळू पुन्हा आत मुरते. त्यामुळे प्रथिनांची घट्ट वीण थोडी सैल होते आणि शिजताना मांस आपले पाणी अधिक धरून ठेवते. किलोमागे साधारण १० ग्रॅम मीठ आणि एक रात्र, एवढे मला पुरेसे वाटते. मिऱ्याची भरड, ठेचलेला लसूण आणि थोडे लोणी भाजायच्या आधी लावले की झाले.

बहिणीसाठी आणि माझ्यासाठीही विचारते, सणासमारंभाचे नव्हे, तर साध्या संध्याकाळच्या जेवणासाठी आपण हे मांस कसे करता? शक्य असेल तर वेळ आणि प्रमाण अवश्य लिहावे.

खलबत्ता

पातळ काप करावेत, त्याहून सोपे काही नाही. बिनहाडांच्या तुकड्याचे बोटाच्या जाडीचे आडवे काप काढायचे, दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने हलक्या हाताने ठोकायचे आणि सर्वत्र सारखे पातळ करायचे. मीठ, मिरपूड लावून पिठात जेमतेम घोळवावेत आणि चांगल्या तापलेल्या तव्यावर तेलात दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटे परतावेत. काप बाहेर काढल्यावर तव्याच्या तळाला जो तपकिरी थर चिकटलेला असतो, तो कृपया धुऊन टाकू नये. त्यात अर्धी वाटी पाणी, लिंबाचा रस आणि लोण्याचा लहान गोळा घालून उलथन्याने खरवडले की दोन मिनिटांत दाटसर रस तयार होतो, आणि सगळी चव त्यातच उतरलेली असते.

सांजवात

माजघर, सासूबाईंची आठवण वाचून फार बरे वाटले. आमच्याकडे मात्र अडचण वेगळी आहे. मुलीला हे मांस चावायचा कंटाळा येतो, दोन घास खाऊन ती ताट बाजूला सारते. काही उपाय असल्यास सुचवावा.

मोजपट्टी

वर वेळेविषयी विचारले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो, कारण हे मांस चोथ्यासारखे कोरडे होण्याचे मूळ वेळेवर विसंबण्यात असते, असे माझे ठाम मत आहे. छातीच्या भागात चरबी फार थोडी असते. कातडी काढून शिजवलेल्या १०० ग्रॅम मांसात सुमारे ३० ग्रॅम प्रथिने आणि चरबी जेमतेम दोन-तीन ग्रॅम, असा हिशेब आहे. त्यामुळे मांडीचे मांस थोडे जास्त शिजले तरी चालून जाते, पण छातीला ती सवलत नसते. साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातले तंतू आकसू लागतात आणि आतले पाणी पिळून बाहेर टाकतात. दुसरीकडे, सुरक्षिततेसाठी सर्वांत जाड भागाचे तापमान ७४ अंशांपर्यंत जायलाच हवे. म्हणजे या मांसाला मोकळीक अशी फारच थोडी आहे, आणि ती डोळ्यांनी ओळखता येत नाही. रंगावर तर मुळीच विसंबू नये. पूर्ण शिजलेले मांसही कधी कधी गुलाबी दिसते आणि कच्चे राहिलेलेही पांढरे दिसू शकते.

म्हणून अन्नाचा साधा थर्मामीटर घ्यावा. त्याचे टोक बाजूने, मांसाच्या जाड भागाच्या मध्यापर्यंत खुपसावे आणि ते हाडाला टेकू देऊ नये, कारण हाडाजवळचा आकडा फसवा निघतो. मी १६५ अंशांच्या ओव्हनमध्ये भाजतो आणि अंदाजे वेळ संपण्याच्या बरेच आधी पहिल्यांदा मोजतो. आकडा ७४ झाला की भांडे लगेच बाहेर काढतो, वर कागद सैलसा पांघरतो आणि १५ मिनिटे सुरी लावत नाही. तेवढ्या वेळात रस थोडा दाटतो आणि कापताना पाटावर कमी सांडतो.

खलबत्ता

मोजपट्टी यांच्याशी पूर्ण सहमत आहे. पातळ कापांनाही ७४ अंश लागतातच, फक्त ते फार लवकर गाठले जातात, म्हणून तव्यापासून हलू नये.

पाटावरवंटा

सांजवात ताई, मुलीसाठी खिमा करून पाहावा. आमचा धाकटा अगदी असाच होता. मात्र नुसत्या छातीच्या खिम्यात चरबी नसल्याने गोळे घट्ट आणि कोरडे होतात, तेव्हा त्यात ओलावा बाहेरून घालावा लागतो. अर्धा किलो खिम्याला पावाचे दोन काप दुधात भिजवून कुस्करून घ्यावेत, एक कांदा किसून त्याच्या पाण्यासकट घालावा, एक अंडे, लसूण, कोथिंबीर आणि मीठ घालून हलक्या हाताने एकत्र करावे. फार मळू नये, नाहीतर गोळे रबरासारखे होतात. ओल्या हातांनी लहान गोळे वळून तेलावर सगळीकडून तांबूस करायचे आणि मग टोमॅटोच्या दाट रसात झाकण ठेवून मंद आचेवर शिजवायचे. एक गोळा मधोमध फोडून, वाफाळता असतानाच मुलीच्या ताटात ठेवावा. आमच्याकडे मुले तो रस भाताबरोबरही खातात आणि पावाबरोबरही.

सांजवात

मनापासून आभार. उद्याच करते. कांदा किसून घालण्याचे मला सुचलेच नसते.

ओसरी

सुरीविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण आमच्या घरी वर्षानुवर्षे मांस चांगले शिजायचे आणि तरीही दाताखाली धागे यायचे. छातीचे तंतू लांब आणि एकाच दिशेने गेलेले असतात. हाडासह भाजलेल्या छातीवरून तिथल्या तिथे उभे काप काढले, तर ते लांब धागे अखंड राहतात. त्याऐवजी मधल्या हाडाला सुरी टेकवून, हाडाच्या कडेकडेने खाली उतरत एका बाजूचे मांस अखंड सोडवून घ्यावे, पाटावर ठेवावे आणि मग तंतूंना आडवे कापावे. प्रत्येक कापाला कातडीची थोडी किनार येते आणि वयस्कर माणसांनाही घास सहज चावता येतो.

छातीच्या आतल्या बाजूला एक लहान, निमुळता, वेगळा सुटणारा तुकडा असतो. त्याच्यातून पांढरी चिवट शीर जाते. तिचे टोक कागदी रुमालात धरून, मांस सुरीने दाबून ओढले की ती सळसळत बाहेर येते. तो तुकडा आडवा चिरून भाज्यांबरोबर मोठ्या आचेवर परतायला सर्वांत चांगला.

पाणवठा

मला थोडे वेगळे विचारायचे आहे. आमच्याकडे कोणतेही मांस नळाखाली धुतल्याशिवाय शिजवत नाहीत आणि न धुता शिजवायचे म्हटले की घरातल्या मोठ्यांना रुचत नाही. आपण काय करता?

मोजपट्टी

तुमची अडचण समजते, सवय मोडणे सोपे नसते. पण कच्चे कोंबडी-टर्कीचे मांस धुऊ नये, असेच अन्नसुरक्षेचे काम करणाऱ्या संस्था सांगतात. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जिवाणू पाण्याने निघून जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या कोशिंबिरीवर जातात. ते मरतात ते उष्णतेनेच. मोठ्यांना पटावे म्हणून मी मांस कागदी रुमालाने सगळीकडून नीट टिपून कोरडे करतो आणि तो रुमाल लगेच टाकून हात साबणाने धुतो. टिपण्याने कातडीही चांगली तांबूस होते.

पाणवठा

धन्यवाद, हे कारण सांगितले तर घरी ऐकतील, असे वाटते.

कोठीघर

मिठाच्या चर्चेत एक सावधगिरी राहून गेली आहे. पाकिटावरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय मीठ चोळू नये. पुष्कळदा या मांसात मिठाचे पाणी आधीच टोचून भरलेले असते आणि तसे पाकिटावर लिहिलेले असते. अशा तुकड्याला रात्रभर मीठ लावले तर तो खारट होतो. तिथे फक्त लसूण, मिरी, ताजी पाने आणि लोणी पुरते.

गोठवलेला तुकडा असेल तर तो ओट्यावर ठेवून वितळवू नये, कारण आतला भाग दगडासारखा असतानाच बाहेरचा भाग जिवाणू वाढतील इतका कोमट होतो. फ्रीजमध्ये दोन-सव्वादोन किलोला पूर्ण एक दिवस धरावा. घाई असल्यास पाणी शिरणार नाही अशा पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवावा आणि पाणी दर अर्ध्या तासाने बदलावे. या रीतीने अर्ध्या किलोला साधारण अर्धा तास लागतो, पण असे वितळवलेले मांस लगेच शिजवावे लागते.

शिळोपा

मी हे प्रामुख्याने माझ्या वडिलांसाठी करते. त्यांचे दात आता राहिले नाहीत आणि आजारपणानंतर जेवणही कमी झाले आहे. हाडासह छातीचा लहान तुकडा मी जाड बुडाच्या पातेल्यात ठेवते, कांदा, गाजर, सेलरीचा दांडा, आल्याचा तुकडा आणि मिरीचे दाणे घालते आणि मांस बुडेल इतके थंड पाणी ओतते. पाण्याला खळखळून उकळी येऊ देत नाही. पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा फुटेल, इतकीच आच ठेवते. वर आलेला फेस पळीने काढत राहते आणि थर्मामीटरने आकडा पाहूनच मांस बाहेर काढते.

मांस गरम असतानाच दोन काट्यांनी त्याचे रेषे सोडवावेत, गार झाल्यावर ते तसे सुटत नाहीत. हाड पुन्हा पातेल्यात टाकून दोन तास मंद उकळले की त्याचा अर्क उतरतो. तो गाळून त्यात मऊ शिजवलेला भात आणि हे रेषे घातले की वडील वाटीभर संपवतात आणि कधी कधी आणखी मागतात. तो दिवस मला फार चांगला जातो.

माजघर

शिळोपा ताई, वाचून डोळे भरून आले. वडिलांना लवकर ताकद येवो. इतके सगळे सविस्तर लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार, बहिणीला हे सारे वाचून दाखवते आहे. तिचा आणखी एक प्रश्न आहे. उरलेले मांस दुसऱ्या दिवशी गरम केले की कोरडे पडते, त्याला काय करावे?

कोठीघर

ते उरलेले म्हणून वेगळे गरम करूच नये, शक्यतो दुसऱ्या पदार्थात घालावे. जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत मांस हाडावरून सोडवून, उथळ डब्यात, भाजताना सुटलेल्या रसासकट फ्रीजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. दुसऱ्या दिवशी थंड काप दही, मोहरी आणि काकडीबरोबर पावात फार छान लागतात. परतलेल्या भातात घालायचे असल्यास लहान तुकडे करून अगदी शेवटी घालावेत आणि ते वाफाळेपर्यंत परतावेत.

कापच गरम करायचे असतील, तर ते रुंद पातेल्यात पसरून वर तो रस किंवा चार-पाच चमचे पाणी घालावे, घट्ट झाकण ठेवावे आणि मंद आचेवर वाफ काढावी. जाड काप असल्यास तेव्हाही थर्मामीटरने एकदा पाहून घ्यावे, पुन्हा गरम करतानाही ७४ अंशच हवेत. आणि जेवढे ताटात वाढायचे आहे तेवढेच गरम करावे.