विषय: घरातल्या ९ मिमी पिस्तुलासाठी काडतुसं कोणती घ्यावीत?

सर्वांना नमस्कार.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीत घरफोडी झाली, तीही घरात माणसं असताना. त्यानंतर आम्ही दोघांनी रीतसर अर्ज केले, ओळखपत्रं आली, पिस्तूल खरेदीचा परवाना आला. आता घरात ९ मिमीचं, आखूड नळीचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल आहे. प्रशिक्षण घेतलंय, रेंजवरही नियमित जातो, पण आजवर सरावाची स्वस्त काडतुसंच वापरली. घरासाठी मागायला गेलो तर दुकानदाराने वेगवेगळे डबे पुढ्यात मांडले. प्रत्येकावर ग्रेनचा आकडा वेगळा, एकावर 'प्लस पी' लिहिलेलं. इंटरनेटवर बघावं तर जो तो आपल्याच ब्रँडची आरती ओवाळतोय.

अण्णा, तुम्ही इतकी वर्षं नेमबाजी शिकवताय, म्हणून विचारते. नेमकं काय बघून घ्यायचं? आणि न्यू जर्सीत हॉलो पॉइंटला, म्हणजे टोकाला खळगा असलेल्या गोळीला, बंदी आहे म्हणतात, ते खरं का?

प्रा. कु., एडिसन

———

प्रा. ताई, नमस्कार.

आपल्या मेलिंग यादीवर विचारलंत ते फार बरं केलंत. हाच प्रश्न मला फोनवर बरेच जण विचारतात आणि त्यांना फक्त ब्रँडचं नाव हवं असतं. नाव मी सांगेन, पण ते नंतर. तुमच्या पिस्तुलातून, तुमच्या हातून, एकदाही न अडकता जे काडतूस सुटतं तेच तुमचं.

आधी कायद्याचं. न्यू जर्सीत हॉलो पॉइंट विकत घेता येतात, घरात ठेवता येतात, दुकानातून घरी आणि घरून रेंजवर नेता येतात. घराबाहेर अंगावर बाळगायच्या पिस्तुलात मात्र चालत नाहीत, बाळगण्याचा परवाना असला तरीही. तो गुन्हा आहे. ज्या गोळीच्या टोकाचा खळगा पॉलिमरने भरलेला असतो, उदाहरणार्थ हॉर्नाडीची क्रिटिकल डिफेन्स, ती राज्य पोलीस हॉलो पॉइंट धरत नाहीत. तुमचा प्रश्न घरापुरता आहे, तेव्हा तुम्हाला अडचण नाही. पुढे कधी परवाना काढलात तर त्या वेळचा नियम वकिलाकडून नक्की करून घ्या.

आता सरावाची काडतुसं घरासाठी का नकोत ते सांगतो. त्यांची गोळी गोल नाकाची, शिशावर तांब्याचं आवरण असलेली, म्हणजे फुल मेटल जॅकेट. ती माणसाच्या अंगातून आरपार जाऊ शकते आणि पलीकडे तुमचं लेकरू असू शकतं. हॉलो पॉइंटच्या टोकाला खळगा असतो. शरीरात शिरताना त्यात दाब भरतो, गोळी फुलते, रुंद होते आणि बहुतेक वेळा आतच थांबते. 'अशा गोळ्यांवर जगात बंदी आहे ना?' असं मला विचारतात. १८९९ च्या हेग जाहीरनाम्यातली ती बंदी युद्धापुरती आहे. इथले पोलीस रोज याच गोळ्या वापरतात आणि त्याचं कारणही पलीकडचा निरपराध माणूसच आहे.

पण नुसती फुलून भागत नाही. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआय आणि दोन बँक दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ मिमीची हॉलो पॉइंट लागली होती. ती दंडातून छातीत शिरली, व्यवस्थित फुललीही, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली. तो माणूस त्यानंतरही लढत राहिला. त्या दिवशी एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले, पाच जखमी झाले. त्यातून एफबीआयची आजची चाचणी उभी राहिली. दहा टक्के जिलेटिनचा ठोकळा ठेवायचा, कधी त्यावर जाड कपड्यांचे थर, कधी पुढे ड्रायवॉल, प्लायवुड, पत्रा, गाडीची काच, आणि गोळी किती खोल जाते ते मोजायचं. १२ ते १८ इंच गेली पाहिजे. त्याहून कमी म्हणजे अपुरी, जास्त म्हणजे पलीकडच्याला धोका. मधल्या काळात एफबीआय मोठ्या कॅलिबरकडे गेली होती. गोळ्यांची बनावट सुधारल्यावर गेल्या दशकात ती पुन्हा ९ मिमीवर आली. तेव्हा '९ मिमीने काय होणार?' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

तुमची नळी आखूड आहे, हे मात्र मनावर घ्या. कंपन्या वेग मोजतात तो सहसा ४ इंची नळीतून. ३ इंची नळीत तो घटतो, आणि वेग कमी पडला की काही गोळ्या फुलतच नाहीत. खळग्यात कपड्याचे धागे भरले की तीच हॉलो पॉइंट साध्या गोळीसारखी आरपार निघते. जाकिटांचे दिवस आपल्याकडे वर्षातले किती, ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून डब्यावरचं चित्र बघू नका. आखूड नळीतून, जाड कपड्यांमागच्या जिलेटिनमध्ये ती गोळी किती फुलली, किती खोल गेली, ते बघा.

ग्रेन म्हणजे गोळीचं वजन. १२४ ग्रेन साधारण ८ ग्रॅम, १४७ ग्रेन साडेनऊ. मी विद्यार्थ्यांना फेडरलची एचएसटी किंवा स्पीअरची गोल्ड डॉट, १२४ किंवा १४७ ग्रेनमध्ये, यापासून सुरुवात करायला सांगतो. दोन्ही पोलिसांच्या वापरातून तावून-सुलाखून निघालेल्या आहेत. प्लस पी मी तुम्हाला सुचवणार नाही. नेहमीच्या ९ मिमीची दाबाची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय, प्लस पीची ३८,५००. छोट्या पिस्तुलात त्याचा झटका जाणवतो, दुसरी गोळी नेमावर यायला वेळ लागतो, आणि काही पिस्तुलांच्या पुस्तिकेत प्लस पी वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

डब्यावर '९ मिमी लुगर' किंवा '९ × १९' वाचूनच घ्या. .३८० एसीपीची गोळीही ९ मिमीच्याच आसपास रुंद असते, पण केस, म्हणजे काडतुसाची धातूची पुंगळी, दोन मिलिमीटरने आखूड. मकारॉव्हचं ९ मिमी आणखी वेगळं. काडतुसाच्या बुडावर नाव कोरलेलं असतं. मॅगझिन भरताना ते एकेक वाचायची सवय लावा.

आता खरं काम. गोल नाकाची गोळी मॅगझिनमधून रॅम्पवर, म्हणजे पुढच्या छोट्या उतारावर, चढून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, सहज घसरते. हॉलो पॉइंटचं तोंड बोथट, त्याची कड रॅम्पला अडू शकते. नव्या पिस्तुलांत हे कमी होतं, पण छोट्या पिस्तुलात स्लाइडचा, म्हणजे गोळी सुटल्यावर मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाचा, पल्ला थोडा आणि स्प्रिंग कडक, त्यामुळे चुकीला जागा कमी. म्हणून निवडलेल्या काडतुसाचे निदान शंभर, जमलं तर दोनशे राउंड झाडा. तुमच्याकडच्या प्रत्येक मॅगझिनमधून, तुम्ही आणि नवरा दोघांनी, दोन्ही हातांनी आणि एका हातानेही. मनगट सैल राहिलं तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही, रिकामी पुंगळी दारातच अडकते. नवऱ्याच्या हातात न अडकणारं पिस्तूल तुमच्या हातात अडकू शकतं, आणि रात्री कोणाच्या हातात असेल ते आज सांगता येत नाही. शंभरात एकही अडकलं तर आधी मॅगझिन बदलून बघा. तरीही अडकलं तर काडतूस बदला आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. खर्च होतो, कबूल. ही काडतुसं सरावाच्या कितीतरी पट महाग. पण काटकसर करायची ती इथे नाही.

माझे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. डब्यावरचं नाव नको, लॉट नंबर बघ, हे त्यांचं सांगणं. एकाच लॉटचे डबे घ्या. काही झाडा, उरलेले घरासाठी ठेवा.

अण्णा

———

अण्णांच्या मेलला एक जोड देतो, कारण आपल्या यादीवर व्हिसावरची मंडळी बरीच आहेत. एच-१बी, एच-४, एफ-१ किंवा भेटीच्या व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतुसंही नाहीत. वैध शिकारीचा परवाना असे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. मित्राबरोबर रेंजवर जाऊन भाड्याचं पिस्तूल हातात घेणंही यात येऊ शकतं. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. भारतातून आलेल्या आईबाबांना कौतुकाने रेंजवर नेऊ नका, आणि ते घरी असताना तिजोरीची किल्ली किंवा कोड त्यांच्याकडे देऊ नका.

शि. दे., पिस्कॅटवे

———

अण्णा, शि. दे., दोघांचे मनापासून आभार. सासूबाई पुढच्या महिन्यात येताहेत, त्यामुळे हे वेळेवर कळलं. आणखी दोन शंका. हॉलो पॉइंट भिंतीतून जात नाही, हे खरं ना? मुलीची खोली आमच्या शेजारीच आहे. आणि पिस्तूल साफ करताना चेंबरमधलं काडतूस काढतो, मग तेच परत भरतो. चालतं ना?

प्रा. कु.

———

ताई, दोन्ही गोष्टी चालत नाहीत.

ड्रायवॉलचा भुगा खळग्यात भरला की गोळी फुलत नाही आणि एकामागून एक भिंती पार करते. कोणत्याही काडतुसावर याचा भरवसा ठेवू नका. दोघांनी दिवसाउजेडी, रिकाम्या हाताने घरात फिरून ठरवा की कुठे उभं राहून कोणत्या दिशेला गोळी झाडणं शक्यच नाही. मुलीच्या खोलीकडची दिशा कायमची वर्ज्य. सगळ्यांनी एका खोलीत येऊन दार लावायचं आणि ९११ ला फोन करायचा, हेच पहिलं.

काडतुसाचं म्हणाल, तर तेच ते पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये आपटलं की गोळी केसमध्ये मागे सरकते. आतली जागा कमी होते आणि दाब धोकादायक वाढू शकतो. डब्यातलं एक नवं काडतूस आणि ते काढलेलं, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी उभी करा, वर सरळ पट्टी आडवी ठेवा. काढलेलं जरा जरी बुटकं दिसलं तर ते पुन्हा भरू नका, टाकून द्यायला रेंजवर घेऊन या. बाकीची वर्षातून एकदा सरावात संपवा आणि नवी भरा. तेल, डब्ल्यूडी-४० काडतुसांना लागू देऊ नका, बुडातला ठिणगी देणारा प्रायमर निकामी होऊ शकतो.

शनिवारी मी रेंजवर आहे. दोघेही या, सगळी मॅगझिनं आणा. पिस्तूल रिकामं, बंद पेटीत, गाडीच्या ट्रंकमध्ये. काडतुसं वेगळ्या डब्यात.

अण्णा