पॅनडॉक ३ मधला बदल उगाच नव्हता

पॅनडॉक म्हणजे दस्तऐवज एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेणारं सॉफ्टवेअर. त्याच्या आवृत्ती ३ वर गेल्यापासून जुने लुआ फिल्टर (रूपांतर होताना दस्तऐवजात फेरफार करणाऱ्या, लुआ भाषेतल्या छोट्या स्क्रिप्ट) चालेनासे झाले आणि आकृत्या हाताळण्याची पद्धत उगाच बदलली, अशी तक्रार ऐकू येते. फिल्टर मोडले हे खरं, पण 'उगाच' मला मान्य नाही.

जानेवारी २०२३ पर्यंत पॅनडॉकच्या आतल्या रचनेत आकृती नावाचा प्रकारच नव्हता. परिच्छेदात एकटंच चित्र असेल आणि त्याच्या टायटलच्या सुरुवातीला 'फिग:' ही खूण असेल, तर ती आकृती धरायची, एवढीच सोय. एका मथळ्याखाली दोन चित्रं किंवा चित्राऐवजी कोड ठेवायचा, तर मार्गच नाही. ३.० मध्ये फिगर (आकृती) हा स्वतंत्र ब्लॉक, म्हणजे परिच्छेद किंवा यादीसारखा दस्तऐवजाचा घटक, आला: त्याला स्वतःचा मथळा, स्वतःची अ‍ॅट्रिब्यूट्स आणि आत कुठलेही ब्लॉक. प्रबंध लिहिणाऱ्यांना याची किंमत कळेल.

तुमचा फिल्टर 'पॅरा'मध्ये (परिच्छेदाच्या ब्लॉकमध्ये) एकटं चित्र शोधत असेल, तर तो तुकडा 'फिगर' फंक्शनमध्ये हलवा आणि मथळा फिगरच्या कॅप्शनमधून घ्या. नुसत्या 'इमेज'वर चालणारे फिल्टर बहुतेक तसेच चालतील. चित्रं वगैरे सगळं एकाच एचटीएमएल फाइलमध्ये भरणारा सेल्फ-कंटेन्ड हा पर्यायही आता जुना ठरला आहे. त्याच्या जागी एम्बेड-रिसोर्सेस आणि स्टँडअलोन वापरा.

मराठी पीडीएफ करणाऱ्यांसाठी एक जोड: पीडीएफ बनवणारं डीफॉल्ट इंजिन पीडीएफलाटेक देवनागरीवर अडतं, म्हणून त्याऐवजी झीलाटेक हे इंजिन निवडून मेनफॉन्ट (मुख्य फॉन्ट) या सेटिंगमध्ये देवनागरी फॉन्ट द्या. २०२३ पासून पॅनडॉकमध्ये टिप्स्ट या लाटेकला पर्यायी टाइपसेटिंग प्रणालीचाही आधार आहे, त्याला लाटेकचं अवजड इन्स्टॉलेशन लागत नाही.