मदत हवी आहे: जुनी फॉर्च्युनर पाहिली, सीटबेल्टवर लाल माती निघाली

नमस्कार मंडळी. राळेगाव तालुक्यातला कास्तकार आहे. घरात सात माणसं, दारात बारा वर्षांची बोलेरो. बाबांना महिन्यातून दोनदा नागपूरला दवाखान्यात न्यावं लागतं, आणि मागच्या बाकड्यावर आता पोरंही बसायला तयार नाहीत.

यवतमाळच्या एका एजंटाकडे २०१७ ची फॉर्च्युनर आहे. २.८ डिझेल, ऑटोमॅटिक, टू व्हील ड्राइव्ह, दुसरा मालक, मीटरवर ९६ हजार. १९ लाख सांगतो. या इंजिनाला टायमिंग चेन आहे, ही जमेची बाजू. आधीच्या ३ लिटरवालीला बेल्ट असतो आणि तो कधी बदलला ते कोणी धड सांगत नाही.

पण पासिंग एमएच ०८, म्हणजे रत्नागिरीचं. गावातल्या ट्रॅक्टर मिस्त्रीनं सांगितलं होतं म्हणून मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तांबूस डाग. नखानं खरवडलं तर पिठासारखी बारीक माती निघाली. सीटखालच्या पट्ट्यांवरही गंज. एजंट म्हणे, "वावरातली धूळ हाय भाऊ." राजेहो, आमचं वावर काळं कुळकुळीत, लाल धूळ कुठून येईल? कोकणात लाल माती सगळीकडेच, हे खरं. पण ती बेल्टच्या रिळात कशी शिरली? जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला होता, ही गाडी त्यात बुडालेली तर नसेल, हेच डोक्यात घोळतंय.

शिवाय स्टिअरिंग झिजून गुळगुळीत आणि ब्रेक पेडलचं रबर मात्र कोरं, म्हणून मीटर मागे फिरवलंय की काय हीही शंका.

एवढ्याच पैशात एन्डेव्हर दाखवतात. फोर्डनं इथलं उत्पादन २०२१ मध्येच बंद करायचं ठरवलं, आता एका पार्टसाठी नागपूरच्या किती चकरा माराव्या? प्रदूषणाच्या नव्या नियमातली बीएस६ गाडी घ्या म्हणणारेही आहेत. पण आमचं रोजचं चालणं गाव ते जिनिंग, सहा किलोमीटर. तिच्यातला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ व्हायला लांबची सलग रनिंग लागते, ती रोज कुठून आणू?

आईला इनोव्हा क्रिस्टा आवडली. फॉर्च्युनरमध्ये चढताना दोनदा पाय घसरला तिचा. "मले नाही जमत बाप्पा, यापेक्षा ट्रॉली बरी," म्हणाली. लहान भावाला फॉर्च्युनरच पाहिजे, कारण यंदा त्याचं लग्न. गाडी नेमकी कोणासाठी घेतोय, हेच कधी कधी कळत नाही.

चासी नंबरावरून शोरूमवाले जुनी सर्व्हिस हिस्टरी देतात का, की मूळ मालकालाच न्यावं लागतं? ऑगस्ट २०२१ च्या आसपास काय काम झालं आणि विम्याचा क्लेम घेतला होता का, एवढं कळलं तरी पुरे. पाण्यात बुडालेल्या गाडीचं वायरिंग इतक्या वर्षांनी त्रास देतं का? कोणी भोगलं असेल तर सांगा. एजंट सोमवारपर्यंत ५० हजार टोकन मागतोय.