नरकाचं नाव शर्कराप्रभा कसं काय? 'साखर'चा मूळ अर्थ नक्की काय आहे

वारणाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्याकडे जैनांच्या दशलक्षण पर्वात बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, रोज तत्त्वार्थसूत्र या ग्रंथाचा एक अध्याय वाचतात, यंदा तिसऱ्या अध्यायाला मी आज्जीसोबत बसले होते. त्याच्या पहिल्याच सूत्रात सात नरकभूमींची नावं येतात, रत्नप्रभा, शर्कराप्रभा, वालुकाप्रभा, पंकप्रभा, धूमप्रभा, तमःप्रभा आणि महातमःप्रभा. आता वाळू, चिखल, धूर, अंधार हे सगळं नरकात शोभतं, पण दुसऱ्याच नंबरला साखर कुठून आली? आज्जीला विचारलं तर ती म्हणाली अगं शर्करा म्हणजे खडे, साखर नव्हे. पंडितजींनीही तेच सांगितलं, पण पुढचं काही विचारायला वेळ नव्हता.

तर प्रश्न असा की आधी खडे होते आणि मग साखर झाली, की उलटं? आणि इंग्रजीतलं शुगर, हिंदीतली शक्कर, हे सगळं एकच का? माझी वहिनी गुजराती आहे, ती साखरेला खांड म्हणते आणि खडीसाखरेला साकर, त्यामुळे दुकानात नेहमी घोळ होतो. शिवाय हिंदीत चीनी पण आहेच. जरा सविस्तर सांगा, कोशात बघून लिहिलेलं एका ओळीचं उत्तर नको.

प्राकृतप्रेमी
वारणाकाठ ताई, आज्जींचं अगदी बरोबर आहे आणि प्रश्न फार सुंदर आहे. आधी खडे, मग साखर. वैदिक वाङ्मयात शर्करा म्हणजे खडे, बारीक गोटे, कंकर, एवढंच. पाणिनीचं एक सूत्र आहे, 'सिकताशर्कराभ्यां च', सिकता म्हणजे वाळू आणि तिच्या जोडीला शर्करा, म्हणजे त्याच्याही डोक्यात ही दोन्ही एका जातीची, पायाखाली टोचणारी. तुमच्या सूत्रात तरी दुसरं काय आहे, शर्करेच्या लगेच पुढे वालुका. नरकांची नावं देणाऱ्यांना तो जुना अर्थ रोजचा होता, म्हणून त्यांना त्यात काही खटकलं नसणार.

मग उसाचा रस आटवून त्याचे दाणे पाडायची विद्या आली आणि जे हाती लागलं ते दिसायला नेमकं खड्यांसारखं, म्हणून तेच नाव चिकटलं. चरकसंहितेत याची उतरंड आहे, गूळ, मत्स्यंडिका, खंड, शर्करा, आणि पुढचं प्रत्येक आधीच्यापेक्षा स्वच्छ. मत्स्यंडिका म्हणजे मासळीच्या अंड्यांसारखी कणीदार (हा शब्द ज्यानं काढला त्यानं ती नीट निरखून बघितली असणार), खंड म्हणजे तुकडे, शर्करा म्हणजे खडे. नावं सगळी आकारावरून पडलीत, चवीवरून एकही नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि जुना अर्थ मेला नाही बरं का, वैद्यकात राहिला. सुश्रुतात मुतखड्याला अश्मरी म्हणतात आणि त्याचा चुरा होऊन लघवीतून रेव जाते तिला शर्करा. जुनी संस्कृत वैद्यकाची पोथी वाचताना 'शर्करा' दिसलं की लगेच मधुमेह समजू नये, बऱ्याचदा ती खड्याची तक्रार असते.

मराठीत 'साखर' थेट संस्कृतातून आलेला नाही, तो प्राकृतातून घासून आलाय. पालीत सक्खरा आहे आणि तिथेही अर्थ दोन्ही, खडा पण आणि साखर पण. त्यातला जोडाक्षराचा जोर गेला आणि मागचा अ लांबला, जसं हस्त, हत्थ, हात किंवा सप्त, सत्त, सात, तसंच सक्खर, साखर. तो 'ख' आपण जपला, हिंदीवाल्यांनी शक्कर केलं.

गुऱ्हाळघर
मी भाषेतला माणूस नाही, पण आमचं गुऱ्हाळ होतं पन्हाळ्याच्या पायथ्याला, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही. वरती आकारावरून नाव पडलं म्हणून लिहिलंय ना ते शंभर टक्के पटलं. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, रस उकळायला लागला की भेंडीचं पाणी टाकून मळी काढतात, मग रस आटत आटत काकवी होते, पुढं गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, थेंब पाण्यात टाकून बघतो गोळी बांधतीय का, आणि बांधली की काहील उतरवायची. ती काकवी जर थोडी जास्त दाट झाली आणि डब्यात भरून तशीच बाजूला राहिली तर काही महिन्यांनी तळाला खडे बसतात. आम्ही पोरं वरची काकवी ओतून घेऊन तळ चमच्यानं खरवडायचो, दाताखाली अक्षरशः खडीसारखं कराकरा वाजायचं, पिवळट, कोपरे असलेले खडे. साखर अशी कुणी पाडायची ठरवून पाडलेली नसते, ती आपणहून पडते. ज्या कुणी हजारो वर्षांपूर्वी असा तळ खरवडला असेल त्याला खडे सोडून दुसरा शब्द सुचलाच नसता.

आणि गुळाचा दर सुद्धा दाण्यावरच, गूळ रवाळ आहे का चिकट हे आडत्या ढेप फोडून बघतो, चव नंतर.

अजून एक मला कायम वाटतं, आपण रस्त्यावर टाकतो ती खडी आणि देवापुढं ठेवतो ती खडीसाखर. म्हणजे साखरेतला खडा लोक विसरले आणि मग परत वरून खडा लावला, असंच ना?

प्राकृतप्रेमी
गुऱ्हाळघर दादा, अगदी असंच. खडीसाखर म्हणजे मूळ अर्थानं खड्यांचे खडे. शब्दाचा आतला अर्थ झिजला की भाषा तोच अर्थ नव्या शब्दानं परत बाहेरून जोडते.

नैरोबीकर
मी केनियात राहते म्हणून पश्चिमेकडचा प्रवास सांगते, कारण इथे तो रोज कानावर पडतो. स्वाहिलीत साखरेला सुकारी म्हणतात. हा शब्द अरबांकडून आला, अरबीत सुक्कर, अरबांनी तो फारसी शकर वरून घेतला आणि फारसीत तो आपल्याकडून गेला. युरोपातले बहुतेक सगळे शब्द या अरबी सुक्करची पोरं आहेत, इटालियन त्सुक्केरो, जर्मन त्सुकर, फ्रेंच स्युक्र, इंग्रजी शुगर, हंगेरियन त्सुकोर. स्पॅनिश आणि पोर्तुगीज जरा वेगळे दिसतात, अझुकार आणि आसुकार, कारण स्पेनमध्ये अरबांचं राज्य होतं आणि तिथल्या लोकांनी शब्द घेताना अरबीतलं 'अल' हे उपपद पण सोबत उचललं. अल-सुक्करचा उच्चार अस-सुक्कर होतो, त्याचंच अझुकार. कापसाचंही तसंच झालंय, स्पॅनिशमध्ये अल्गोदोन आणि इटालियनमध्ये नुसतं कोतोने, मूळ अरबी कुत्न.

पण ग्रीकांची वाट निराळी आहे, ती अरबांच्या कितीतरी आधीची. सिकंदराबरोबर आलेला नेआर्खोस लिहून गेला की भारतात मधमाश्यांशिवाय मध देणारे वेत आहेत, म्हणजे ऊस. आणि पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस साक्खारोनबद्दल लिहितो की हा भारतात आणि अरबस्तानात वेतात सापडणारा घट्ट झालेला मध आहे, मिठासारखा दिसतो आणि दाताखाली मिठासारखाच फुटतो. गुऱ्हाळघर दादांचा तळ खरवडायचा अनुभव वाचताना मला हेच आठवलं. त्या काळात तिकडे ते औषध होतं, चहात घालायची वस्तू नव्हे. ग्रीकातूनच लॅटिन साक्खारुम आणि त्यावरून उसाचं शास्त्रीय नाव, आणि 1879 साली रसायनशास्त्रज्ञ फालबर्गला अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सापडलेलं सॅकरिन, साखरेऐवजी वापरायचं कृत्रिम गोड रसायन. म्हणजे ज्याच्यात साखर अजिबात नाही त्यालाही नाव साखरेचंच.

आणि इथे डायबेटीसला 'उगोंज्वा वा सुकारी' म्हणतात, साखरेचा आजार, किंवा एका शब्दात किसुकारी. आपल्याकडे 'त्यांना शुगर आहे' म्हणतात तसंच. आपलाच शब्द फारस, अरबस्तान, युरोप फिरून इंग्रजीतून परत घरात आला आणि आता दोघांनी कामं वाटून घेतलीत, डब्यात असते ती साखर आणि रक्तात असते ती शुगर. माझी आई कधीच 'माझी साखर वाढली' म्हणत नाही, शुगरच वाढते.

पोळपाट_लाटणं
स्वयंपाकघरातली भर घालते. गुलकंद मधला कंद हा सुरणासारखा कंद नाहीये, तो फारसी कंद, म्हणजे साखर, आणि गुल म्हणजे गुलाब. तो फारसी कंद म्हणजे आपलाच खंड, वर चरकाच्या यादीत आलाय तोच. अरबी-फारसीतून तो युरोपात गेला आणि इंग्रजीत कँडी झाला. म्हणजे गुजराती वहिनींची खांड आणि पोरांची कँडी सख्ख्या बहिणी.

दुसरं शंकरपाळी. त्यात शंकर कुठेच नाही, फारसी शकरपारा, साखरेचा तुकडा, आपल्या तोंडात तो शंकरपाळा झाला कारण शकर हा शब्द मराठी कानाला ओळखीचा नव्हता आणि शंकर होता. दिवाळीच्या फराळात साखर अशी दुसऱ्याच नावानं बसलीये याचं मला दर वर्षी कौतुक वाटतं.

तिसरं, कृपया सांभाळून राहा, हिंदीत मिश्री म्हणजे खडीसाखर आणि आपल्या खेड्यापाड्यात मिश्री म्हणजे दातांना लावायची भाजलेली तंबाखू. आमच्या शेजारी कानपूरची सून आली, तिनं सासूकडे देवाच्या नैवेद्याला मिश्री मागितली, आणि त्या माउली डबी हातात घेऊन तिच्याकडे बघतच राहिल्या. हिंदीतली मिश्री म्हणजे मिस्रची, इजिप्तची. आणि चीनी म्हणजे चीनची, असं समजलं जातं.

वारणाकाठ
बाप रे, केवढं मिळालं. सगळ्यांचे मनापासून आभार, हे सगळं आज्जीला वाचून दाखवते. पण मग एक कळत नाही, शब्द आपला, ऊस आपल्याकडे, तर साखरेला चीनची आणि इजिप्तची का म्हणायचं? हा आपला शोध आपणच दुसऱ्याच्या नावावर केला असं नाही का होत?

दर्यावर्दी
ताई, भावना समजते, पण मला वाटतं इथे शोध कुणाचा यापेक्षा माल कुठून चांगला यायचा हे बघावं. बाजारात नाव मालावरून पडतं. अरबांनी ऊस इजिप्त, सिसिली, स्पेनपर्यंत नेला, लागवड केली, पाण्याची सोय केली, आणि मध्ययुगात इजिप्तची साखर शुद्धतेसाठी फार नावाजलेली होती, मग उत्तरेत स्वच्छ खड्याच्या साखरेला मिस्री म्हणाले तर त्यात आपलं काही गेलं नाही. चीनचंही तसंच. उलट 647 साली तांग सम्राट ताइझोंगनं मगधात माणसं पाठवली होती रस आटवून साखर करायची रीत शिकायला, याची त्यांच्याच इतिहासात नोंद आहे. शिकून गेले आणि पुढे त्यांचा माल उत्तम निघाला. देणं-घेणं दोन्ही बाजूंनी आहे आणि दोन्हीची नोंद भाषेत राहिली, हे मला अभिमानापेक्षा मोलाचं वाटतं.

आणि गंमत बघा, चिनी भाषेनं आपला शब्द घेतलाच नाही. त्यांचा शब्द शातांग, शा म्हणजे वाळू. जपानीत तोच सातो. घट्ट साखरेला जुन्या चिनीत शीमी म्हणत, दगडी मध. म्हणजे शब्द उधार न घेता त्यांनाही वाळू आणि दगडच सुचले. गुऱ्हाळघर म्हणतात ते खरं, डोळ्याला जे दिसतं तेच.

पूर्वेला समुद्रामार्गे मात्र साखर न जाता गूळ गेला. मलय आणि इंडोनेशियन भाषेत साखरेला गुला म्हणतात, तो संस्कृत गुड. आणि दक्षिणेत शर्करा शब्द गुळावरच जाऊन बसलाय, मल्याळममध्ये शर्करा म्हणजे गूळ, साखरेला पंचसारा. तमिळमध्ये सक्करै पोंगल गुळाचाच करतात. पोर्तुगीज केरळच्या किनाऱ्यावर उतरले, तिथला हा शब्द ऐकला, त्याचं जागरा केलं आणि इंग्रजांनी जॅगरी. म्हणून इंग्रजीत शुगर आणि जॅगरी हे दोन वेगळे शब्द वाटतात, पण दोघांचं मूळ तीच शर्करा, एक खुश्कीच्या वाटेनं अरबांकडून गेली आणि एक गलबतातून.

गुऱ्हाळघर
जॅगरी पण त्यातलीच? आमच्या गुळाच्या बॉक्सवर एक्स्पोर्टसाठी जॅगरी छापायचो, खाली ब्रॅकेटमध्ये शुगर फ्री नाही असं लिहायला लावायचे. दर्यावर्दी साहेब, कोकणी आणि कन्नडमध्ये कसं आहे, सीमाभागातली माणसं गुळाला बेल्ल म्हणतात तो कुठला?

दर्यावर्दी
कोकणीत साकर, कन्नडमध्ये सक्करे, दोन्ही शर्करेचेच. बेल्ल हा कन्नडचा स्वतःचा शब्द, तमिळमध्ये वेल्लम आणि तेलुगूत बेल्लम, त्याचा शर्करेशी संबंध नाही. मल्याळममध्ये मात्र वेल्लम म्हणजे पाणी, तेव्हा केरळात गूळ हवा असेल तर शर्कराच मागा.